जे हलत नाही ते आकाश

डिंगोऱ्याला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं विचारतात, "मग माळशेजला गेला असाल." नाही गेले. धबधबे पाहायला मी गेलेच नव्हते, आणि दिवसही थंडीचे होते. मी गेले होते आकाशाची ऊब मोजायला. एवढं ऐकलं की पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि माझा वेळ वाचतो. पण या वेळी मला सांगायचं आहे, तेव्हा थोडं सोसून घ्या.

मी कॅमेरे बनवते. दुर्बिणीच्या मागे बसवायचे. त्यांना उजेड दिसत नाही, ऊब दिसते. नुकते जन्माला येणारे तारे, त्यांच्याभोवतीची धूळ, असं बरंच काही डोळ्यांना दिसत नाही पण या उबेत दिसतं. अडचण एवढीच की त्या नजरेला सगळंच पेटलेलं दिसतं. दुर्बिणीची नळी, आरसा, डोंगर, हवा आणि मी स्वतःसुद्धा. पेटत्या चुलीत बसून काजवा शोधण्यासारखं हे काम आहे. म्हणून कॅमेऱ्याच्या पोटात द्रवरूप नायट्रोजन भरायचा, म्हणजे निदान तो स्वतः तरी चमकत नाही. बाकीच्या चमकेसाठी एक युक्ती करावी लागते. दुर्बीण मधूनमधून जराशी सरकवत एकामागून एक चित्रं घ्यायची. तारा चित्रात जागा बदलतो, आकाशाची चमक जिथल्या तिथे राहते. मग सगळ्या चित्रांत जे जसंच्या तसं आहे ते वजा करून टाकायचं. उरतं ते आपल्या कामाचं.

ही वजाबाकी करणारा प्रोग्राम मीच लिहिला होता आणि त्याचा मला गर्व होता, हे इथेच सांगून टाकते. नव्या मुलांना मी शिकवत असे, जे हलत नाही ते आकाश. ते काढून टाका आणि पुन्हा त्याच्याकडे बघू नका.

घोडेगाव

एका नव्या दुर्बिणीसाठी डोंगर शोधायचं काम चाललं होतं. यादीत पहिला डोंगर घोडेगावच्या बाजूचा होता, दुसरा डिंगोऱ्यामागचा. मी, जीप चालवणारे मुळेमामा, कॅमेरा, त्याचं हाताच्या पंजाएवढं भिंग, लॅपटॉप आणि नायट्रोजनची कॅन असे आम्ही निघालो.

तहसील कचेरीत परवानगीच्या कागदासाठी थांबावं लागलं. कारकून भला माणूस होता. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, "उष्णता मोजायची म्हणता मॅडम, मंग उन्हाळ्यात यायचं ना. आत्ता काय घावणार तुम्हाला?" मी त्याला हवेतली वाफ, तिची चमक वगैरे समजावून सांगितलं. त्याने मान डोलावत ऐकलं आणि कामाच्या रकान्यात 'हवामान' असं लिहून टाकलं. त्यानंतर सगळीकडे मी हवामानवाल्या मॅडमच झाले.

जेवायला मासवडी मिळाली. मी कोकणातली, त्यामुळे नाव ऐकून खुशीत बसले होते. पुढ्यात आली ती बेसनात गुंडाळलेली तीळखोबऱ्याची वडी आणि झणझणीत रस्सा. माशाचा पत्ता नाही. तरी तीन वेळा मागून खाल्ली. या प्रवासात मी मोकळ्या मनाने खाल्लेल्या शेवटच्या जेवणांपैकी ते एक, म्हणून लक्षात राहिलं आहे.

डोंगर मात्र फुकट गेला. डोंगराखालच्या धरणावरून सकाळी वाफ उठायची आणि दुपारपर्यंत खोऱ्यात बसून राहायची. माझ्या कॅमेऱ्याला ती भिंतीसारखी. दोन दिवसांनी गाशा गुंडाळला.

नारायणगाव

नारायणगावात उतरायची सोय कांतिलालशेठांकडे होती. पंप आणि पाइपांचं दुकान खाली, वर राहतं घर, त्यावर पाहुण्यांची एक खोली. यांचे आजोबा मारवाडातून आले. शेठ स्वतः आपल्यासारखंच मराठी बोलतात, हिशेबही मराठीत करतात. घरात सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतं. पुण्यात आमच्याकडे नऊ वाजता कुकरची शिट्टी होते. पण माझ्या धंद्याला हे वेळापत्रक भलतंच सोयीचं, असं मी म्हटल्यावर शेठांच्या पत्नी हसल्या आणि आणखी एक फुलका वाढला.

सकाळी कॅनवर बाहेरून पांढरं दंव धरलेलं दिसलं आणि माझं धाबं दणाणलं. चांगली कॅन बाहेरून कोरडी असते. कॅनच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली की ती आतून उकळत रिकामी होते. आदल्या संध्याकाळी बाजारात टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या टेम्पोला वाट देताना जीप गटाराच्या कडेवरून धाडकन उतरली होती. तेवढ्याने घात केला.

"नायट्रोजन ना? ते गाईंच्या डॉक्टरकडे असतं," शेठ म्हणाले. "डिंगोऱ्याचा दत्तू माझं गिऱ्हाईक आहे. माझं नाव सांगा."

डिंगोरे

दत्तू काही डॉक्टर नव्हता. दूध संस्थेच्या एका खोलीत गाईंच्या कृत्रिम रेतनाचं केंद्र तो चालवायचा, म्हणून गाव त्याला डॉक्टर म्हणायचं. चाळिशीचा, अंगाने किरकोळ, बोलायला मोकळा. त्याच्याकडे दोन मोठ्या कॅन होत्या आणि त्यात वळूंचं वीर्य बारीक नळ्यांत गोठवून ठेवलेलं.

"आमच्याकडं ह्यात वळू आस्त्यात, ताई," तो म्हणाला. "तुमी काय ठिवता?"

"काहीच नाही. नुसता गारवा."

"नुसत्या गारव्यापायी पुण्याहून आलाय व्हय," असं म्हणून त्याने मला एक कॅन भरून दिली आणि रोज संध्याकाळी आणून द्यायचंही कबूल केलं.

पहिल्या संध्याकाळी तो डोंगरावर आला तेव्हा बरोबर त्याचा थोरला भाऊ होता, सखाराम. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पासष्टीचे, खांद्यावर काळी घोंगडी, फार न बोलणारे. बायको कधीच वारलेली, मूल नाही. दत्तूला त्यांनीच वाढवलं होतं, हे दत्तूने मला डोंगर चढतानाच सांगितलं.

मी दत्तूला खडकावर तळवा दाबायला सांगितला. हात काढल्यावरही पडद्यावर पंजा उजळ उमटून राहिला आणि हळूहळू विझला. दत्तूने चारपाच वेळा तेच केलं. अण्णा मात्र कॅमेऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. पडद्यावर एक पांढरा माणूस आला. त्यांनी हात वर केला, पडद्यावरच्या माणसानेही केला. त्यांनी खाली घेतला, पुन्हा वर केला.

"ह्यो मीच का?"

"तुम्हीच."

"लांबून बी दिसतं?"

आता मला चेव आला. आमच्या डोंगरासमोर ओढा, ओढ्यापलीकडे वाळल्या गवताचा आणि काळ्या दगडांचा एक उतरता माळ. मध्ये हवेतून किलोमीटरभर अंतर. मी त्या माळाकडे बोट दाखवलं. "तिथून हात केलात ना, तरी दिसेल मला."

"तिथंच आस्त्यात माझी शेरडं," अण्णा म्हणाले. "उद्या करीन हात."

"करा. मी बघते."

आपण म्हाताऱ्या माणसांना असं काहीबाही सहज बोलून जातो. दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं आणि मी सबंध दिवस कॅमेरा वरच रोखून धरला होता. ऊब मोजायला रात्रच हवी असं नसतं. माळाकडे वळवायची मला आठवणसुद्धा झाली नाही. त्या संध्याकाळी नायट्रोजन घेऊन दत्तू आला नाही. गाय अडली असेल, असं मी धरून चालले.

तो आला तो पुढच्या दिवशी फटफटताना, पळत, डोंगरावरच्या आमच्या राहुटीपाशी. शेरडं संध्याकाळी एकटीच घरी आली होती. अण्णा आले नव्हते. त्या वर्षांत त्या भागात उसातल्या बिबट्यांनी लोकांची झोप उडवली होती. त्यामुळे एकच अर्थ निघाला. शेरडं उसाच्या कडेने आली, बांधावर पंजाचा ठसाही सापडला. रात्रभर माणसं डबे बडवत, टेंभे घेऊन गावापलीकडच्या उसाच्या कडेकडेने फिरत होती.

"पोरं थकल्यात," दत्तू म्हणाला. "आता उजाडल्यावर धा-बारा जणं घिऊन माळावर जावं म्हंतो. लोक म्हंत्यात माळावर कशाला टाइम घालवतो, उसातच बघू. ताई, तुमच्या कॅमेऱ्यात माणसाची ऊब दिसती ना? माळावर हाये का न्हाई तेवढं सांगा."

मी लगेच कॅमेरा खाली वळवला. मनापासून वळवला, हेही लिहून ठेवते. आकाशाच्या मानाने जमीन फारच उजळ, म्हणून प्रत्येक चित्राचा वेळ अगदी कमी केला. तरी पहिल्या चित्रात नुसती खिचडी दिसली. खडक रात्रभर दिवसाची ऊब धरून बसतात, त्यामुळे सबंध माळ पांढऱ्या ठिपक्यांनी भरला होता. त्यातून माणूस कसा ओळखायचा? मी हात सवयीने चालवला आणि वजाबाकी चालू केली. खडक पुसले गेले. माळ काळाभोर, स्वच्छ झाला. ओढ्याकाठी एक कुत्रं चाललं होतं, ते ठळक दिसलं. एक ससा उड्या मारत गेला तोही दिसला. दत्तूच्या मागे चढून आलेली दोनतीन माणसं पुढे वाकून बघायला लागली.

माळाचे मी पट्टे पाडले आणि कॅमेरा न सरकवता एकेका पट्ट्याची चाळीस चित्रं घेत गेले. तिसऱ्या पट्ट्यात दत्तूने पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्ये काय चमाकलं?"

बारीक ठिपका होता. आला आणि गेला. थोड्या वेळाने पुन्हा तसाच.

"तो चिपचा दोष आहे," मी म्हणाले. "त्या कोपऱ्यात काही ठिपके खराब आहेत, ते असे उगाच लुकलुकतात. रोजचंच आहे."

आमच्या धंद्यात हे खरंही असतं. कुठलीच चिप निर्दोष मिळत नाही. खराब ठिपक्यांची यादी करून ठेवायची आणि तिकडे दुर्लक्ष करायला शिकायचं. मी यादी बघितली नाही. मला ती पाठ आहे असं मला वाटत होतं.

शेवटचा पट्टा संपल्यावर मी म्हणाले, "माळावर कोणी नाही. उसातच बघा."

दत्तूने सुटकेचा श्वास टाकला की कसला, मला कळलं नाही. त्याने वरूनच हाक दिली आणि माळाच्या वाटेला लागलेली माणसं परत फिरली. ओढा ओलांडण्याआधीच ती परत फिरली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी उशिरा गवत कापायला गेलेल्या दोन बायकांना अण्णा सापडले. माळावर, आमच्या डोंगराकडे तोंड असलेल्या उतारावर, एका मोठ्या दगडाला टेकून. खुबा मोडला होता आणि जीव गेला होता. अंगावर ओरखडा नव्हता, बिबट्या त्यांच्याजवळ फिरकलासुद्धा नव्हता. दगडावरून पाय निसटला असावा. काळी घोंगडी आणि काळे दगड, नुसत्या नजरेला कोणालाच वेगळं दिसलं नसतं.

त्यांना खाली आणलं तेव्हा मी गावात उतरले. दत्तू मला बघून उठून उभा राहिला, अशा वेळीसुद्धा. "आंग अजून ऊन व्हतं, ताई," तो म्हणाला. त्यात बोल लावणं नव्हतं. त्याला ते कोणाला तरी सांगायचं होतं आणि समोर मी होते.

पुणे

मी त्या संध्याकाळी ती चित्रं उघडली नाहीत. नायट्रोजन संपला आहे, आता काम बंद, असं स्वतःला सांगितलं. चित्रं उघडायला नायट्रोजन लागत नाही. घरी येऊन कपडे धुतले, भिंगाची पेटी पुसून ठेवली, घोडेगावचा अहवाल लिहिला. चौथ्या दिवशी तिसरा पट्टा उघडला, वजाबाकी न केलेला.

ते होते. चाळीसच्या चाळीस चित्रांत होते. दगडाच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा लांबट डाग, बाकीच्या दगडांपेक्षा उजळ. एकदा माहीत झाल्यावर तो न दिसणं अशक्य होतं. ते हलत नव्हते, म्हणून माझ्या प्रोग्रामने त्यांना आकाश समजून वजा करून टाकलं होतं. त्यात प्रोग्रामची चूक नाही. त्याला तसंच शिकवलं होतं.

मग ठिपका. मी खराब ठिपक्यांची यादी काढली. त्या जागी दोष नव्हता. दोष होता सहा घरं डावीकडे. हा ठिपका त्या लांबट डागाच्या वरच्या टोकाला लागून होता आणि तीन वेळा आला होता.

मी लॅपटॉप मिटला आणि जेवायला उठले नाही. मुलीने विचारलं काय झालं, मी म्हणाले पित्त.

पुन्हा डिंगोरे

दहावं उरकल्यावर मी निघाले. कॅन परत करायची होती, हे कारण खरंच होतं. वाटेत कांतिलालशेठांकडे थांबले आणि त्यांना सगळं सांगितलं, कदाचित त्यांनी जाऊ नका म्हणावं म्हणून. ऊन कलायला लागलं होतं, पानं मांडली जात होती.

शेठांनी माझ्यासाठीही एक पान मांडायला सांगितलं. "तुम्ही सांगितलंत की तुमचं ओझं कमी होईल," ते म्हणाले, "त्याचं वाढेल. आज त्याला वाटतं, आपण सगळं केलं. भाऊ नशिबाने गेला."

"मग सांगू नको?"

"असं मी म्हणालो नाही. कोणासाठी सांगताय तेवढं आधी ठरवा. आता जेवून घ्या."

मी जेवले नाही, आणि ठरवलंही नाही. डिंगोऱ्यापर्यंतच्या रस्त्यात मी तीनदा मुळेमामांना जीप थांबवायला सांगितली. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "परत फिरवू का?" मी नको म्हणाले. दत्तूला वाटत होतं की अण्णा कोणाला न दिसता गेले. ते खोटं होतं आणि खरं काय ते फक्त माझ्याकडे होतं. ते मी ठेवून घ्यायचं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा वजा करायचं. एवढंच मला सुचलं.

दत्तू केंद्रात होता. डोक्यावर केस नव्हते, त्यामुळे एकदम लहान दिसत होता. मी कॅन ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. माझी चूक झाली, अण्णा चित्रात होते, जिवंत होते, मी त्यांना काढून टाकलं, तू बोट ठेवलंस ते खरं होतं. शब्द असेच्या असे. मी त्याच्या शिव्या ऐकायच्या तयारीने आले होते. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दावा," तो म्हणाला.

मी लॅपटॉप आणला होता, पण तो उघडायला लागू नये असं वाटत होतं. टेबलावरच्या नळ्यांचा डबा त्याने बाजूला सरकवला आणि जागा केली. मी चाळीस चित्रं एकामागून एक लावली. डाग स्थिर. मग त्याच्या टोकाशी ठिपका वर आला आणि गेला. थोड्या वेळाने पुन्हा. मग बराच वेळ काही नाही. मग तिसऱ्यांदा, पहिल्या दोनपेक्षा कमी उंच.

"परत लावा."

मी परत लावली. बाहेर कोणीतरी गाय घेऊन आलं होतं, त्याने दोनदा हाक मारली. दत्तू पडद्याच्या इतका जवळ वाकला होता की त्याचा श्वास काचेवर धरत होता. तिसऱ्यांदा ठिपका विझल्यावर तो सरळ झाला.

"म्हंजी त्याला आपण दिसत व्हतो," तो म्हणाला. आणि मग, माझ्याकडे न बघता, "सांगितल्यापरमानं केला की वो त्यानं हात."